गाडीचा हीटर बंद करून देऊ नका, दुरुस्त करून द्या

प्रति,
माननीय संपादक,

महोदय,

पावसाळ्याच्या तोंडावर मोटारीची काळजी कशी घ्यावी, याविषयी आपल्या दैनिकाच्या पुरवणीत आलेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. वायपरची रबरे, टायरची झीज, ब्रेक, दिवे आणि बॅटरी यांची त्यात नीट दखल घेतली होती. हीटरचा मात्र उल्लेखही नव्हता. लेखकाला दोष देण्याचा माझा हेतू नाही, कारण मुंबईत गाडी चालवणाऱ्या बहुतेकांच्या मनातच हीटरला जागा नसते. सांताक्रूझ येथे नोंदले गेलेले आजवरचे नीचांकी तापमान ७.४ अंश सेल्सिअस असून तेही २२ जानेवारी १९६२ रोजीचे आहे. अशा शहरात गाडीत गरम हवा कोणाला हवी, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु याच समजुतीमुळे आपल्याकडील अनेक गॅरेजांत बिघडलेला हीटर दुरुस्त न करता त्याच्या नळ्या एकमेकींना जोडून तो कायमचा वगळला जातो, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. माझ्या गाडीच्या बाबतीत जे घडले, त्यावरून ही सवय किती चुकीची आहे हे मला समजले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. एका कारखान्याच्या देखभाल विभागात मी अनेक वर्षे काम केले आहे. मोटार दुरुस्ती हा माझा व्यवसाय नव्हे, तरी यंत्राचा दोष क्रमाक्रमाने कसा शोधावा याची सवय हाताला आहे.

प्रथम हीटर म्हणजे काय ते सांगणे आवश्यक वाटते, कारण अनेकांची अशी कल्पना असते की इस्त्रीत असते तशी एखादी तापणारी तार गाडीच्या डॅशबोर्डमागे बसवलेली असते. पेट्रोल, डिझेल किंवा सीएनजीवर चालणाऱ्या सामान्य गाडीत तसे काही नसते. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश उष्णता इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, जाते. हे कूलंट पुढच्या रेडिएटरमध्ये थंड होऊन परत येते, आणि त्याचाच एक फाटा दोन रबरी नळ्यांमधून डॅशबोर्डमागील एका छोट्या रेडिएटरकडे जातो. त्याला हीटर कोअर म्हणतात. ब्लोअर नावाचा पंखा त्यातून हवा ढकलतो, हवा तापते आणि आपल्याकडे येते. थंड-गरम करण्याचे बटण फिरवले की बहुतेक गाड्यांत आतली एक झडप हलते आणि किती हवा या कोअरमधून जावी हे ठरवते. काही गाड्यांत त्याऐवजी किंवा त्याच्या जोडीला कूलंटच्या वाटेवर एक व्हॉल्व्हही असतो. याचा अर्थ असा की हीटर ही वेगळी चैनीची वस्तू नसून इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचाच तो एक अवयव आहे. तो नीट चालत नसेल, तर पुष्कळदा दोष हीटरमध्ये नसून त्या यंत्रणेत असतो आणि हीटर आपल्याला त्याची आगाऊ सूचना देत असतो.

मुंबईकराला हीटर लागतो तो जानेवारीत नव्हे, जुलैत. भिजलेले कपडे, छत्र्या आणि चार माणसांचे श्वास यांमुळे बंद गाडीतील हवा दमट होते आणि पुढच्या काचेवर आतून वाफ धरते. बहुतेक जण अशा वेळी एसी पूर्ण थंड करून त्याचा झोत काचेवर सोडतात. आतली वाफ जाते खरी, पण काच इतकी थंड होते की बाहेरच्या हवेतील बाष्प तिच्यावर बाहेरून जमू लागते, कारण जुलैत मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो आणि काच त्याहून थंड झाली की तिच्यावर पाणी धरणारच. वायपर मारला की क्षणभर दिसते, पुन्हा धुरकट. यावर योग्य उपाय असा की बाहेरची हवा आत घेण्याची खूण निवडावी, एसी चालू ठेवावा आणि त्याच वेळी तापमानाचे बटण गरमकडे वळवावे. एसी हवेतील ओलावा काढून घेतो, हीटर ती कोरडी हवा कोमट करतो आणि काच दोन्ही बाजूंनी स्वच्छ राहते. हीटर वगळलेल्या गाडीत यातील अर्धे काम होतच नाही.

मला हे नेमके अशाच एका संध्याकाळी कळले. मागच्या पावसाळ्यात वयोवृद्ध आईला डॉक्टरांकडून घरी आणत असताना पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीच्या पुढे पावसाची मोठी सर आली आणि काच आतून पांढरी झाली. मी बटण पूर्ण लाल खुणेकडे फिरवले, तरी हवा जेमतेम कोमट आली. हाताने काच पुसत, सर्वांत डावीकडच्या मार्गिकेतून, आपत्कालीन दिवे लावून मी मुलुंडपर्यंत गाडी आणली. मागच्या आसनावर आई शांतपणे बसली होती आणि मला पुढच्या ट्रकचे मागचे दिवे दिसत नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो. मेकॅनिकने हवेवर हात धरला आणि लगेच निदान केले की हीटर कोअर गेला आहे, संपूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागेल, दोन दिवस लागतील आणि १८,००० रुपये खर्च येईल. माझा चेहरा पाहून त्याने दुसरा पर्यायही सुचवला. “काका, मुंबईत हीटर कशाला लागतो? तीनशे रुपयांत पाइप जोडून देतो, कटकट नको.” तो मुलगा लबाड नव्हता, त्याला तसेच शिकवले गेले होते. मी एक दिवसाची मुदत मागून गाडी घरी आणली आणि आमच्या इमारतीच्या आवारात, उघड्यावर, स्वतः तपासणी सुरू केली. उघड्यावर हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. तळघरातील पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून अशी तपासणी कोणीही करू नये. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीव घेतो.

पहिली तपासणी इंजिन पूर्ण थंड असतानाच करायची असते, आणि ती म्हणजे कूलंटची पातळी. बॉनेटखाली पांढरट प्लास्टिकची एक टाकी असते, तिच्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेघा असतात. माझ्या गाडीत पातळी किमान रेघेच्या खाली होती आणि द्रवाचा रंग जवळजवळ उडालेला होता, म्हणजे कोणीतरी वेळोवेळी साधे पाणी ओतले होते. कूलंट कमी असले की हीटरला सर्वांत आधी त्रास होतो, कारण हीटर कोअर बहुतेक गाड्यांत उंचावर असतो आणि यंत्रणेत शिरलेली हवा तिथेच जाऊन अडकते. गाडी उभी असताना हवा थंड आणि इंजिनाचा वेग वाढवला की गरम, असे होत असेल तर कूलंट कमी असणे, हवा अडकणे किंवा पाण्याचा पंप अशक्त होणे या तिन्हींपैकी एक कारण असते.

त्यानंतर तापमानाच्या काट्याकडे पाहायचे. हल्लीच्या कित्येक लहान गाड्यांत काटा नसतो, निळा आणि लाल असे दोनच दिवे असतात. अशा गाडीत इंजिन थंड असल्याचे सांगणारा निळा दिवा किती मिनिटे टिकतो हे मोजावे. माझ्या गाडीत काटा आहे. मी पहाटे रस्ता रिकामा असताना ऐरोली पुलापर्यंत जाऊन आलो. गाडी वेगात असताना काटा मध्यापर्यंत चढतच नव्हता, आणि सिग्नलला थांबलो की हळूहळू वर येत होता. ही थर्मोस्टॅटमधील दोषाची खूण आहे. थर्मोस्टॅट म्हणजे आत मेण भरलेली एक लहान झडप. इंजिन थंड असताना ती बंद राहून कूलंटला पुढच्या रेडिएटरकडे जाऊ देत नाही, आणि साधारण ८२ ते ९० अंशांना मेण वितळून फुगले की उघडते. ती उघडी अडकली की इंजिन नेहमी थंडच राहते; बंद अडकली की गाडी तापते. ज्यांच्याकडे गाडीच्या संगणकाला जोडून मोबाइलवर आकडे दाखवणारे छोटे उपकरण आहे, त्यांना कूलंटचे नेमके तापमान वाचता येते, आणि पी ०१२८ असा संकेत आला तर गाडीचा संगणकही हेच सांगत असतो की इंजिन पुरेसे तापत नाही.

तिसरी तपासणी हाताने करायची, आणि माझ्या मते संपूर्ण निदानाचा कणा हीच आहे. इंजिन आणि आपण बसतो ती जागा यांच्यामध्ये पत्र्याची जी भिंत असते, तिच्यातून हीटरच्या दोन नळ्या आत जातात. इंजिन नीट तापल्यावर, तापमानाचे बटण पूर्ण गरमकडे ठेवून, इंजिन बंद करून या दोन्ही नळ्यांना जाड फडक्यातून किंवा हातमोज्यातून स्पर्श करावा. रेडिएटरचा पंखा कधीही आपोआप सुरू होऊ शकतो, म्हणून सैल बाही आणि ओढणी दूर ठेवावी. दोन्ही नळ्या सारख्याच गरम असतील, तर गरम कूलंट कोअरपर्यंत पोहोचून परत येत आहे आणि दोष हवेच्या बाजूला आहे. एक गरम आणि दुसरी कोमट किंवा थंड असेल, तर कोअर तुंबला आहे किंवा वाटेवरचा व्हॉल्व्ह उघडत नाही. दोन्ही कोमट असतील, तर दोष हीटरच्या आधीच, म्हणजे थर्मोस्टॅट, कूलंटची पातळी, अडकलेली हवा किंवा पंप यांत आहे. माझ्या गाडीत दोन्ही कोमट होत्या. म्हणजे ज्या कोअरसाठी डॅशबोर्ड उतरवायचा होता, त्याच्यावर आरोप सिद्धच होत नव्हता.

थर्मोस्टॅटचे झाकण उघडून पाहिले, तेव्हा आत थर्मोस्टॅट नव्हताच. जुन्या बिलांची फाइल चाळल्यावर उलगडा झाला. चार वर्षांपूर्वी खंडाळ्याच्या घाटात गाडी तापली होती, तेव्हा वाटेतल्या गॅरेजवाल्याने थर्मोस्टॅट काढून टाकला होता आणि बिलावर केवळ ‘कूलिंग काम’ असे लिहिले होते. आपल्याकडे ही पद्धत सर्रास आहे. ‘आपल्या हवेत थर्मोस्टॅटची गरज नाही’ हे वाक्य मी नंतर तीन ठिकाणी ऐकले. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट काढल्याने इंजिन थंड राहते, संगणक त्याला जास्त इंधन देतो, न जळलेले इंधन ऑइलमध्ये उतरते आणि झीज वाढते. काही इंजिनांची रचना तर अशी असते की थर्मोस्टॅट नसेल तर कूलंटचा काही भाग रेडिएटरकडे न जाता आडवाटेनेच फिरत राहतो, आणि ज्या कारणासाठी तो काढला तेच, म्हणजे गाडी तापणे, पुन्हा उद्भवते.

ऑपेरा हाऊसजवळच्या सुट्या भागांच्या बाजारातून माझ्या गाडीसाठीचा थर्मोस्टॅट आणि त्याचे गास्केट आणले. बसवण्यापूर्वी तो तपासून घेणे सोपे आहे. स्वयंपाकाला पुन्हा न वापरायच्या एका जुन्या पातेल्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने लोंबता सोडायचा, तळाला टेकू द्यायचा नाही, पाणी तापवायचे आणि त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडतो का आणि गार झाल्यावर मिटतो का हे पाहायचे. बसवताना त्याच्या कडेला असलेले बारीक छिद्र वरच्या बाजूला ठेवावे, म्हणजे अडकलेली हवा तिथून निघून जाते. झाकणाचे बोल्ट बेताने आवळावेत. ते ॲल्युमिनियममध्ये बसलेले असतात आणि जोर केला तर आटे जातात.

आता इंजिन व्यवस्थित तापू लागले, काटा मध्यावर स्थिरावला, आणि नळ्यांना पुन्हा हात लावला तेव्हा एक चटका देण्याइतकी गरम आणि दुसरी कोमट लागली. पहिल्या दोषामागे दुसरा दोष दडलेला होता. वर्षानुवर्षे साधे पाणी ओतल्याने आत गंज आणि गाळ साचून कोअरही अर्धवट तुंबला होता. इथे दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. अनेक इमारतींत गाड्या धुण्यासाठी बोअरचे पाणी वापरले जाते आणि तेच बाटलीत भरून रेडिएटरमध्येही जाते. त्यातील क्षार गरम पृष्ठभागावर पुटासारखे बसतात. दुसरे असे की रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकण्याची आपल्याकडील जुनी युक्ती आणि बाजारात मिळणाऱ्या गळतीरोधक भुकट्या, दोन्ही गळतीचे छिद्र आणि हीटर कोअरच्या केसासारख्या बारीक वाटा यांत भेद करत नाहीत.

कोअर धुण्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागत नाही. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हीटरच्या दोन्ही नळ्या इंजिनाकडच्या बाजूने सोडवल्या, कोणती आत जाणारी आणि कोणती बाहेर येणारी हे ओळखण्यासाठी एकीला रंगीत चिकटपट्टी लावली आणि खाली रुंद घमेले ठेवले. जुन्या नळ्या कोअरच्या तोंडाशी चिकटलेल्या असतात. त्या ओढू नयेत, कारण कोअरची तोंडे पातळ असतात आणि ती वाकली किंवा तुटली तर १८,००० रुपयांचा खर्च खरोखरच करावा लागेल. म्हणून मी नळ्या त्या टोकाला तशाच राहू दिल्या. मग एक बादली उंच स्टुलावर ठेवून, बारीक रबरी नळीने, बाहेर येणाऱ्या वाटेने पाणी उलटे सोडले. नळाचा किंवा गाड्या धुण्याच्या यंत्राचा जोरदार फवारा इथे चालत नाही. केवळ उंचीमुळे मिळणारा दाब पुरेसा आणि सुरक्षित असतो. आधी काळ्या चहासारखे पाणी आले, मग गढूळ, मग लाल कण आले. दिशा उलटसुलट करत सात-आठ बादल्या सोडल्यावर ते स्वच्छ येऊ लागले. शेवटची बादली बॅटरीच्या दुकानात मिळणाऱ्या शुद्ध पाण्याची होती.

घमेल्यातील जुने कूलंट गटारात ओतू नये, अशी माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे. कूलंटमधील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते. भटकी कुत्री आणि मांजरे ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. मी ते कॅनमध्ये भरून, मोठ्या अक्षरांत विष असे लिहून, वापरलेले तेल आणि कूलंट जमा करून घेणाऱ्या सेवा केंद्रात नेऊन दिले. घरात लहान मुले असतील तर ते पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये.

नवे कूलंट भरताना गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलाच प्रकार वापरावा. केवळ रंग जुळला म्हणून तो प्रकार जुळतो असे नाही, आणि वेगवेगळे प्रकार एकत्र करू नयेत. घट्ट स्वरूपात मिळणारे कूलंट सहसा शुद्ध पाण्यात निम्मे-निम्मे मिसळायचे असते. तयार मिश्रण मिळाले तर त्यात पाणी घालायचे नसते. मुंबईत पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, हा प्रश्न मला शेजाऱ्यांनी विचारला. त्याचे उत्तर असे की कूलंटमुळे उकळण्याचे तापमान वाढते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यातील गंजरोधक द्रव्ये ॲल्युमिनियमचे इंजिन, पंप आणि कोअर यांचे रक्षण करतात.

भरल्यानंतर अडकलेली हवा काढणे हे सर्वांत संयमाचे काम आहे. आमच्या इमारतीच्या उतरणीवर गाडीचे तोंड वर राहील अशी उभी केली, हातब्रेक ओढून चाकांमागे विटा लावल्या, हीटर पूर्ण गरमकडे ठेवला आणि थंड इंजिन सुरू करून ते तापू लागेपर्यंत पातळी पाहत थोडे थोडे कूलंट घातले. मधूनमधून वरची मोठी नळी दाबली की बुडबुडे येत होते. काही गाड्यांत हवा काढण्यासाठी वेगळा स्क्रू असतो आणि पुस्तिकेत त्याची जागा दिलेली असते. हे काम इंजिन गरम होण्याच्या आत आटोपून झाकण लावावे. काही दिवस रोज सकाळी पातळी पाहावी, कारण उरलेली हवा निघून गेली की ती थोडी उतरते.

गरम इंजिनाच्या रेडिएटरचे किंवा टाकीचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. आतील द्रव दाबाखाली असतो आणि शंभर अंशांपलीकडे गेलेला असूनही त्या दाबामुळेच उकळत नाही. झाकण सैल झाले की दाब जातो आणि उकळता द्रव व वाफ क्षणात चेहऱ्यावर आणि हातांवर उसळते. घाटात गाडी तापली की फडके घेऊन झाकण फिरवणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत. किमान पाऊण तास थांबावे आणि वरची नळी हाताला गार व मऊ लागल्याशिवाय झाकणाला हात लावू नये.

ज्यांच्या दोन्ही नळ्या गरम असूनही हवा थंड येते, त्यांचे काम तुलनेने सोपे आहे. बटण फिरवले की डॅशबोर्डमागून टकटक असा आवाज येत असेल, तर झडप हलवणाऱ्या लहान मोटरचे दाते तुटले आहेत; जुन्या गाड्यांत तारेची क्लिप निसटलेली असते आणि ती हातानेही बसवता येते. ब्लोअर फक्त शेवटच्या, सर्वांत वेगवान आकड्यावरच चालत असेल, तर त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर जळलेला आहे. मुळीच चालत नसेल, तर आधी फ्यूज पाहावा, आणि तो बदलताना तितक्याच अँपिअरचा घालावा. तार गुंडाळून काम भागवणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी करणे होय. हवेचा जोरच कमी असेल, तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डमधील सामानाच्या कप्प्यामागे असलेला हवेचा फिल्टर काढून पाहावा. माझ्या शेजाऱ्यांच्या गाडीत तिथे वडाची पाने आणि उंदराने आणलेल्या चिंध्या निघाल्या. मुंबईत उभ्या गाडीत उंदीर शिरतात, वायरी कुरतडतात आणि कधी नळ्याही, त्यामुळे वायरी एकदा बॅटरीच्या प्रकाशात निरखाव्यात.

पुढच्या डाव्या आसनापुढील गालिचा ओला लागला की पावसाळ्यात गोंधळ होतो. एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली असेल, तर ते पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असते. पावसाचे असेल, तर बोनेट आणि काचेच्या मधल्या फटीत पाने अडकलेली सापडतात. मात्र ओल चिकट असेल, तिला गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून तेलकट थर धरत असेल, तर हीटर कोअर फुटला आहे, आणि तेव्हा मात्र डॅशबोर्ड उतरवण्याला पर्याय नाही. कूलंट पुन:पुन्हा कमी होते, बाहेर कुठेही गळती दिसत नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो, अशी लक्षणे असतील तर हेड गास्केट, म्हणजे इंजिनाच्या दोन मुख्य भागांमधली सांधा बंद ठेवणारी चकती, फुटल्याची शंका घ्यावी. ते घरी करण्याचे काम नव्हे. विजेवर चालणाऱ्या गाडीत हीटरची रचना पूर्ण वेगळी असते आणि तिच्यातील नारिंगी वायरींत जीवघेणा विद्युतदाब असतो, म्हणून तिथे फ्यूज आणि फिल्टर यांपलीकडे कोणी हात घालू नये.

माझा एकूण खर्च २,००० रुपयांच्या आत झाला आणि दोन सकाळी लागल्या. डिसेंबरमध्ये आम्ही आईला घेऊन नाशिकला गेलो, तेव्हा इगतपुरीच्या पुढे धुके असताना काच स्वच्छ होती आणि आईने शाल काढून मांडीवर ठेवली. परतताना कसारा घाटात एक तरुण जोडपे तापलेली गाडी बाजूला घेऊन उभे होते. हीटर हा दुसरा रेडिएटर असल्याने, काटा चढू लागताच एसी बंद करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण सुरू केले तर इंजिनाची बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर काढता येते आणि सुरक्षित जागी थांबण्याइतका अवधी मिळतो. मात्र काटा लाल खुणेकडे असूनही हीटरमधून थंड हवा येत असेल, तर आत कूलंटच उरलेले नाही किंवा ते फिरत नाही, आणि तेव्हा एक किलोमीटरही पुढे जाऊ नये. मी त्यांना हे सांगितले, तेव्हा त्या तरुणाने उत्तर दिले की त्यांच्या गाडीचा हीटर गॅरेजवाल्याने ‘बंद करून दिला’ आहे.

यासाठी माझी गॅरेजचालकांना विनंती आहे की थर्मोस्टॅट काढला किंवा हीटर वगळला, तर ते मालकाला सांगून, बिलावर स्वच्छ शब्दांत लिहून द्यावे. त्या चार शब्दांच्या अभावी माझी गाडी चार वर्षे अपुऱ्या तापमानावर धावली. मोटार प्रशिक्षण वर्गांनीही गिअर आणि क्लच शिकवताना काचेवरील वाफ कशी काढावी याचे पाच मिनिटांचे प्रात्यक्षिक द्यावे, आणि आपल्या दैनिकाने पुढील वर्षीच्या पावसाळी यादीत वायपरच्या शेजारी हीटरलाही स्थान द्यावे.

हे पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली, तर माझी हकीगत अवश्य गाळावी. मात्र गरम झाकण न उघडण्याविषयीचा आणि जुने कूलंट गटारात न ओतण्याविषयीचा, हे दोन परिच्छेद कृपया राहू द्यावेत.

आपला विश्वासू,
एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई